शिशुपाल तरला, वेन राहिला

मिथिलेचे उदयनाचार्य दहाव्या-अकराव्या शतकाच्या सीमेवर होऊन गेले. ईश्वर आहे हे निव्वळ तर्काच्या बळावर सिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली आणि उभा जन्म बौद्ध पंडितांशी वाद घालण्यात घालवला. त्यांची एक आख्यायिका पंडितांमध्ये सांगितली जाते. वाद शब्दांनी मिटेना, तेव्हा आचार्यांनी एका ब्राह्मणाला आणि एका बौद्धाला टेकडीवर नेलं आणि दोघांनाही कड्यावरून ढकलून दिलं. पडता पडता ब्राह्मण ओरडला, ‘ईश्वर आहे’. बौद्ध ओरडला, ‘नाही’. ब्राह्मण जगला, बौद्ध मेला. मुद्दा सिद्ध झाला. विजयी आचार्य जगन्नाथपुरीला दर्शनाला गेले, तर देवळाचं दार बंद. काही केल्या उघडेना. शेवटी स्वप्नात येऊन जगन्नाथाने खुलासा केला: तुझ्या हातून माणूस मेला आहे, काशीला जाऊन प्रायश्चित्त घे. आणि प्रायश्चित्त कोणतं, तर भुशाच्या धुमसत्या आगीत स्वतःला जाळून घेण्याचं. त्यावर आचार्य भडकले. आज ऐश्वर्याच्या मस्तीत तू माझा अपमान करतो आहेस, पण उद्या बौद्ध चालून येतील तेव्हा तुझं असणं-नसणं माझ्याच हातात असेल, असं त्यांनी देवाला तोंडावर सुनावलं.

या कथेत इतिहास शोधायला जाऊ नये. कड्यावरून माणूस ढकलून ईश्वराचं अस्तित्व ठरवणारा नैयायिक हा नैयायिकांच्याच शत्रूने रचावा असा आहे. पण ही कथा शत्रूंनी सांगितलेली नाही. ती सांगितली आणि जपली आस्तिक पंडितांनीच. त्यांच्या कल्पनेतला देव आपल्या बाजूने लढलेल्या धुरंधराला दाराबाहेर उभा करतो आणि आपल्याला नाकारत मेलेल्या माणसाचा हिशेब मागतो. देवाने नास्तिकाकडे कसं पाहावं, या प्रश्नाचा भारतातला इतिहास म्हणजे आस्तिकांनी देवाच्या तोंडी घातलेल्या उत्तरांचा इतिहास. नास्तिकांची मूळ पुस्तकं बहुतेक नष्ट झाली. चार्वाकांची मतं आपल्याला कळतात ती त्यांच्या विरोधकांनी खोडण्यासाठी उतरवून घेतली म्हणून.

‘न्यायकुसुमांजली’चा शेवट तर आख्यायिकेपेक्षाही नवलाचा आहे, आणि तो छापील स्वरूपात कोणालाही वाचता येतो. पाच गुच्छांच्या या ग्रंथात आचार्यांनी सांख्य, मीमांसक, बौद्ध, चार्वाक अशा सगळ्यांचे आक्षेप एकेक करून खोडून काढले. एवढं झाल्यावर अखेरच्या श्लोकांत ते वाचकाला सोडून थेट देवाशी बोलू लागतात. युक्तिवादाच्या इतक्या पाण्याने धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा होत नाही ती माणसं दगडाच्या काळजाची, हे ते कबूल करतात. पण लगेच पुढची रदबदली येते: तुला विरोध करण्यासाठी का होईना, ते तुझंच चिंतन करत होते, आणि तेही मोठ्या तीव्रतेने, तेव्हा हे दयाळा, वेळ येईल तशी त्यांच्यावरही कृपा कर. आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध खटला चालवला त्यांच्याच माफीचा अर्ज वकिलाने निकालाच्या दिवशी न्यायाधीशापुढे ठेवावा, असा हा प्रकार आहे.

ही कल्पना उदयनाचार्यांनी शून्यातून काढलेली नव्हती. तिचं मूळ भागवत पुराणात, सातव्या स्कंधाच्या पहिल्याच अध्यायात आहे. राजसूय यज्ञात कृष्णाने शिशुपालाचं मस्तक उडवलं, तेव्हा त्याच्या देहातून निघालेलं तेज भर सभेत कृष्णाच्या ठायी विलीन झालं. युधिष्ठिर चक्रावला. जन्मभर शिव्या देणाऱ्याला सायुज्य? मोठमोठ्या भक्तांना दुर्लभ असलेली गती? त्याने नारदाला दुसरं उदाहरणही टोचून विचारलं: वेन राजानेही देवाची निंदाच केली होती, त्याला मात्र ऋषींनी नरकात लोटलं. मग शिशुपालाला वेगळा न्याय का?

नारदाचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग आजच्या वर्तमानपत्रांशेजारी ठेवून वाचण्यासारखा. स्तुती आणि निंदा लागते ती देहाला ‘मी’ समजणाऱ्याला, असं नारद म्हणतो. परमात्म्याला तसला अभिमानच नाही, मग त्याला कोणाच्या शिव्या लागणार कशा? देवाच्या भावना दुखावत नाहीत, हे पुराणाचं अधिकृत मत झालं. १९२७ साली ब्रिटिश सरकारने दंडसंहितेत २९५-अ हे कलम घातलं, त्यातही दुखावतात त्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना. फिर्यादी माणूसच असतो. कायदा करणाऱ्यांनी नारद वाचला असण्याची शक्यता नाही, पण इथे दोघांचं एकमत आहे.

उत्तराचा दुसरा भाग म्हणजे कुंभारीण माशीचा दृष्टांत. ही माशी एक किडा आणून मातीच्या घरट्यात कोंडते. किडा भीतीने आणि द्वेषाने अखंड तिचंच ध्यान करत राहतो आणि शेवटी तिच्याच रूपाचा होऊन बाहेर पडतो, असा त्या काळचा समज. (प्रत्यक्षात माशीच्या अळ्या तो किडा खाऊन टाकतात, पण दृष्टांताला कीटकशास्त्राची बाधा होत नाही.) गोपी कामाने, कंस भयाने, शिशुपाल द्वेषाने, यादव नात्याने, पांडव स्नेहाने देवापर्यंत पोहोचले. मन कोणत्या भावनेने गुंतलं याला महत्त्व नाही, ते गुंतलं की पुरे. आणि वेन? तो या पाचांपैकी कशातच बसत नाही, असं नारद स्पष्ट सांगतो. त्याने देवावर प्रेम केलं नाही, त्याची भीती बाळगली नाही, त्याचा धड द्वेषही केला नाही.

म्हणजे वैऱ्याला जागा मिळाली आणि बेफिकीर बाहेर राहिला.

हा वेन जरा जवळून पाहायला हवा, कारण पुराणांत अज्ञेयवाद्याच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस तोच. राजा झाल्यावर त्याने दवंडी पिटवली की राज्यात कोणी यज्ञ करायचा नाही, दान द्यायचं नाही, होम करायचा नाही. ऋषी समजूत घालायला आले, तर त्याने सांगितलं की सगळे देव राजाच्या देहातच असतात, तुम्ही निराळा देव कुठला काढलात? त्याच्या बोलण्यात अहंकार भरपूर आहे. विचारवंत म्हणून त्याचा गौरव करायचं कारण नाही. पण विष्णूने त्याला मारलं नाही. नरसिंह खांबातून आला तो हिरण्यकशिपूसाठी. वेनासाठी कोणताही अवतार झाला नाही. त्याला मारलं ऋषींनी, निव्वळ हुंकाराने. मग राज्यात चोरांचं फावलं. त्याच्या आईने, सुनीथेने, प्रेत जपून ठेवलं होतं; ऋषींनी ते घुसळलं. मांडीतून निषाद निघाला आणि बाहूंतून पृथू. ज्याच्या नावावरून जमिनीला पृथ्वी म्हणतात, तो विष्णूचा अंशावतार. देवाला ज्याने दारात उभं केलं नाही त्याच्याच देहातून देव जन्माला आला, आणि पुराणकार हे सांगून शांतपणे पुढच्या अध्यायाकडे वळतो.

हुंकाराने मारण्याची गोष्ट महाभारतातही आहे. शांतिपर्वात युधिष्ठिर विजयी होऊन हस्तिनापुरात शिरतो, तेव्हा ब्राह्मणांच्या गर्दीतून चार्वाक नावाचा एकजण पुढे येतो आणि ज्ञातिबांधवांना मारून राज्य मिळवल्याबद्दल राजाचा धिक्कार करतो. तो दुर्योधनाचा मित्र असलेला राक्षस होता, असा खुलासा व्यास देतात. बाकीचे ब्राह्मण हुंकार करतात आणि चार्वाक जळून पडतो. इथेही देव हात लावत नाही. रामायणातला जाबाली त्यामानाने सुखरूप सुटला. चित्रकूटावर रामाचं मन वळवताना त्याने श्राद्धाचं अन्न मेलेला खातो कसा, हा प्रश्न विचारला, राम संतापला, आपण हे फक्त तुला परत नेण्यासाठी बोललो, असं म्हणून जाबालीने माघार घेतली आणि वसिष्ठांनी सारवासारव केली. दशरथाच्या पुरोहितमंडळात असा माणूस बसत होता आणि रामाला राग आला तो वडिलांनी त्याला ठेवून घेतलं याचाही.

शंका घेणाऱ्याचं काय होतं, याची सर्वांत क्रूर कथा मात्र कुमारिल भट्टाची आहे. हा सातव्या शतकाच्या आसपासचा मीमांसक. मीमांसकांना वेद हवा, यज्ञ हवा, पण जग चालवणाऱ्या ईश्वराची त्यांना गरज नव्हती, आणि तरीही ते पक्के वैदिक. माधवाच्या नावावरच्या ‘शंकरदिग्विजया’त कुमारिलाला उंचावरून ढकललं जातं. पडताना तो म्हणतो, वेद जर प्रमाण असतील तर मी वाचेन. तो वाचतो, पण एक डोळा जातो. कारण तो ‘जर’. पुढे हाच कुमारिल बौद्ध गुरूचा द्रोह आणि ईश्वराचं खंडन या दोन पापांसाठी प्रयागला भुशाच्या आगीत स्वतःला जाळून घेतो. पुढे उदयनाच्या कथेत याच धाग्यांची उलटसुलट वीण दिसते: तोच कडा, तोच भुसा, फक्त गुन्हा बदलला. कुमारिलाच्या कथेत शंका हा गुन्हा. उदयनाच्या कथेत शंकेखोराचा जीव घेणं हा गुन्हा.

मराठी माणसापर्यंत हे सारं संस्कृत ग्रंथांतून नव्हे, कीर्तनातून पोहोचलं. बुवांचा पूर्वरंग आटोपला, बुक्का लागला, झांजा पुन्हा सुरू झाल्या की उत्तररंगाला लागायचं ते एखादं आख्यान, आणि त्यात जय-विजयाचं आख्यान हमखास यशाचं. वैकुंठाच्या या दोन द्वारपालांनी सनकादिकांना अडवलं आणि शाप ओढवून घेतला. मग देव त्यांच्यापुढे पर्याय ठेवतो: भक्त म्हणून सात जन्म घ्या, नाहीतर वैरी म्हणून तीन. दोघे तीन पत्करतात. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. वैर हा जवळचा रस्ता, हे ऐकून श्रोत्यांत हशा पिकतो आणि बुवा त्या हशावर ‘विरोधभक्ती’ हा शब्द अलगद ठेवून देतात.

ज्या समाजाने देवाशी भांडण ही रोजची गोष्ट मानली, त्यालाच हे इतक्या सहज पचलं असणार. जनाबाईने विठ्ठलाला ज्या शिव्या दिल्या त्या शेजारणीला दिल्या असत्या तर गावात बोलणं बंद झालं असतं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नान्न करत गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. त्यांच्या गाथेत देव आपल्यापुरता संपला असं बजावून सांगणारे अभंग आहेत, आणि वारकरी ते इतर अभंगांच्याच चालीवर टाळ वाजवत म्हणतात. त्यांना यात नास्तिक्य दिसत नाही. भांडायला समोर कोणीतरी असावं लागतं, इतका साधा हिशेब त्यामागे आहे.

पण याच औदार्यात एक जबरदस्ती दडलेली आहे. विरोधभक्तीचा सिद्धान्त नास्तिकाला विचारत नाही की बाबा, तुला भक्त व्हायचं आहे का. तू ‘नाही’ म्हणालास, म्हणजे तू त्याचं नाव घेतलंस, म्हणजे तू आमचाच. ज्याला खरोखरच बाहेर राहायचं आहे, त्याला बाहेर राहूच न देणारी ही दया आहे. शिशुपालाची यावर काही तक्रार असल्यास ती पुराणात नोंदलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात पुण्यात अशी तक्रार करू शकेल असा माणूस निघाला. गोपाळ गणेश आगरकर, जन्म १८५६, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. मिल आणि स्पेन्सर वाचून त्यांच्या मनाची घडण झाली होती. इंग्लंडात टी. एच. हक्सलेने अज्ञेयवादासाठी नवा शब्द घडवला तो १८६९ साली. तेव्हा आगरकर तेरा वर्षांचे होते. म्हणजे विलायतेतही जे मत ताजं होतं ते पंधरा-वीस वर्षांत पुण्याच्या वाड्यांमध्ये भांडण लावू लागलं. टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ‘केसरी’चं संपादन केलं, मतभेद झाल्यावर १८८८च्या दसऱ्याला ‘सुधारक’ काढलं. देव ही कल्पना माणसाच्या मनात कशी उगवली असेल, भुताखेतांच्या आणि पितरांच्या भीतीतून ती कशी वाढली असेल, यावर त्यांनी शांत, मुद्देसूद लेख लिहिले. त्यात शिशुपालाचा त्वेष कुठेच नाही. देवावर रागावण्याइतकीही त्यांना त्याची गरज वाटत नव्हती. नारदाच्या यादीत ते वेनाच्या रांगेत गेले असते.

पुणेकरांनी हुंकाराऐवजी मिरवणूक काढली. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा शहरातून फिरवण्यात आली आणि ती त्यांच्या घरावरून गेली. त्यांनी ती पाहिली. त्याच घरात त्यांची पत्नी यशोदाबाई देवपूजा, व्रतवैकल्यं करत असत आणि आगरकरांनी त्यांना कधी अडवलं नाही, असं सांगतात. दम्याने पोखरलेला हा माणूस फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता गेला. आपल्या अंत्यविधीचा खर्च दुसऱ्या कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, ही हकिकत मराठी शाळांतून आजही सांगितली जाते. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. आणि पुढच्या पिढ्यांनी आगरकरांना पदवी दिली ती ‘देव न मानणारा देवमाणूस’ अशी. पदवी मनापासूनची आहे यात शंका नाही. उदयनाचार्यांची विनवणीही मनापासूनची होती. ज्या सद्गुणांना देवाच्या आधाराची गरज नाही असं आगरकर दाखवत होते, ते सद्गुण दिसताच लोकांनी त्यांच्यावर देवाचाच शिक्का मारला.

याच काळात मुंबईने एका परदेशी नास्तिकाचं जंगी स्वागत केलं. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली ब्रिटिश संसदेवर निवडून आला, पण देवाच्या नावाने शपथ घ्यायची की नाही या वादात सहा वर्षं त्याला आपल्या जागेवर रीतसर बसू दिलं नाही. एकदा तर घड्याळाच्या मनोऱ्यात रात्रभर कोंडलं. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८८ साली त्याच्याच खटपटीने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क देणारा कायदा झाला. पुढच्या डिसेंबरात, मोठ्या आजारातून उठून, तो काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला आला. त्या अधिवेशनाला १,८८९ प्रतिनिधी होते आणि साल होतं १८८९. सोवळ्याओवळ्यातली शेकडो माणसं या उघड नास्तिकासाठी टाळ्या वाजवत होती. तो संसदेत हिंदुस्थानची बाजू मांडतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. गंमत अशी की हिंदुस्थानात १८७३च्या शपथ कायद्यानेच साक्षीदाराला प्रतिज्ञेची मुभा दिलेली होती. सिनेमातल्या कोर्टात गीतेवर हात ठेवतात तो भाग दिग्दर्शकांचा.

१८९१च्या हिवाळ्यात ब्रॅडलॉ वारला, तेव्हा लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा एक काठेवाडी विद्यार्थी त्याच्या अंत्ययात्रेला गेला होता. परतीच्या वाटेवर स्टेशनात एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठलं आणि तुमच्या देवाचं आकारमान किती, तो राहतो कुठे, अशी उलटतपासणी घेतली. ते ऐकून आपल्या मनातली नास्तिकतेविषयीची अढी आणखी वाढली, असं मोहनदास गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

पण अढी तशीच राहिली नाही. १९२५ साली ‘यंग इंडिया’त ते लिहून गेले की नास्तिकाचं नास्तिक्य हेही ईश्वरच. १९३१च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी त्यांनी ‘ईश्वर सत्य आहे’ हे वाक्य उलटं करून ‘सत्य हाच ईश्वर’ असं मांडलं, आणि कारण देताना ब्रॅडलॉचंच नाव घेतलं. तो स्वतःला हौसेने नास्तिक म्हणवत असे, पण मी त्याला ईश्वरभीरूच म्हणेन, त्याला ते मुळीच आवडणार नाही हे ठाऊक असूनही, असा त्यांचा सूर होता. चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला हरकत घेता येत नव्हती.

हरकत घेणारा पुढे आला तो आंध्रातून. गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, नास्तिक म्हणून नोकऱ्या गमावलेले. १९४० साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी नास्तिक केंद्र काढलं आणि अस्पृश्यतेविरुद्ध काम सुरू केलं. १९४१ साली गांधींनी त्यांना पत्रातून नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणं, असं तोडून टाकलं होतं. तरी १९४४च्या अखेरीस गोरा वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले. दोघांची बोलणी पुढे अनेक बैठकांत चालली. गोरांनी गांधींच्या व्याख्येत शिरायला नकार दिला. ‘सत्य म्हणजेच ईश्वर, म्हणजे तूही आस्तिक’ हा रस्ता त्यांनी बंद केला. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो तेव्हाच जात मोडतो, असा त्यांचा अनुभवाचा दावा होता. आणि गांधी, ज्यांनी आजवर सगळ्यांना आपल्या देवात सामावून घेतलं होतं, ते इथे थबकले. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक, असं मी म्हणू शकत नाही, इथवर ते आले.

त्याचा पुरावा एका लग्नात मिळतो. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरवलं. ते सेवाग्रामात लावायचं गांधींनी कबूल केलं, पण वधूवरांच्या प्रतिज्ञेत ईश्वराचं नाव कसं घालायचं? गांधींनी ते काढून टाकलं आणि तिथे ‘सत्य’ घालायला मान्यता दिली. लग्न लागलं मार्च १९४८ मध्ये. तोवर गांधींची हत्या झाली होती. रोज प्रार्थना होणाऱ्या आश्रमात देवाचं नाव न घेता लागलेलं हे लग्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच दिसतं. वास्तविक तिथे एका आस्तिकाने पहिल्यांदा नास्तिकाला त्याच्या जागी राहू देऊन स्वतःची जागा बदलली होती.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न दिल्लीत मताला टाकला गेला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली की सुरुवात ‘ईश्वराच्या नावे’ अशी व्हावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी शाक्त परंपरेतले. त्यांनी विचारलं की मग देवीच्या नावे का नको? राजेंद्रप्रसादांसारखा भाविक अध्यक्ष खुर्चीवर होता, पूर्णिमा बॅनर्जी कामतांना विनवत होत्या की देवावर मतदान घेण्याची पाळी आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंचा आक्षेप वेगळा आणि नेमका होता: उद्देशिका विचार, विश्वास आणि श्रद्धा यांचं स्वातंत्र्य देते आणि त्याच उद्देशिकेत आपण आपला विश्वास सर्वांवर लादायचा, हे विसंगत आहे. कामतांनी माघार घेतली नाही. बाजूने ४१ मतं पडली, विरुद्ध ६८. हा काळा दिवस आहे, ईश्वर भारताचं रक्षण करो, असं म्हणून कामत खाली बसले. विरुद्ध मत देणाऱ्यांत रोज पूजा करणारे किती असतील याचा अंदाज त्या सभेची नावं चाळली तरी येतो.

देव उद्देशिकेत आला नाही, पण तिसऱ्या अनुसूचीत आला. तिथे पदाच्या शपथेचे नमुने आहेत आणि दोन पर्याय एकाखाली एक छापलेले आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’. दोन्हींचं वजन सारखं. दृढकथन करणाऱ्याला कारण विचारलं जात नाही. तो देवाचा वैरी आहे, देवाबद्दल साशंक आहे की देवाचं नाव राजकारणात नको म्हणणारा भाविक आहे, याची चौकशी संविधान करत नाही. नारदाने ज्याला यादीबाहेर ठेवलं तो बेफिकीर माणूस या छापील ओळीत रीतसर बसला.

महाराष्ट्रात या कहाणीचा अलीकडचा भाग वादळी आहे. डॉ. श्रीराम लागूंनी देवाला निवृत्त करण्याची सूचना केली तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि तरी त्यांच्या नाटकांची तिकिटं भाविक प्रेक्षकच काढत राहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः निरीश्वरवादी. पण १९८९ साली उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका त्यांनी वेगळी ठेवली. समितीचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, शोषणाला आहे, हे ते प्रत्येक सभेत सांगत. लोकांना ते पटायला वेळ लागे. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं विधिमंडळात रेंगाळलं; यामुळे वारी बंद होईल, कीर्तन बंद होईल, घरचा सत्यनारायण बंद होईल अशी आवई सतत उठत राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. जागा होती ओंकारेश्वराजवळचा पूल, ज्याला नाव आहे प्रार्थना समाजाचे प्रचारक आणि निष्ठावंत ईश्वरवादी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं.

काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. देव कुठेही नाही. विरोध करणाऱ्यांची समजूत पटावी म्हणून त्यात एक खास कलम घालावं लागलं आहे. प्रदक्षिणा, यात्रा आणि परिक्रमा, तसंच हरिकथा, कीर्तन, प्रवचन आणि भजन यांना हा कायदा लागू होणार नाही, अशी खात्री ते कलम देतं. एका निरीश्वरवाद्याने ज्यासाठी अर्धं आयुष्य घातलं त्या कायद्यात कीर्तनाला असं नाव घेऊन संरक्षण मिळालं आहे.